वाकळेतले थर

विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग खडक. वाकळ उसवली की तसेच थर लागतात. आमच्या सातारा भागात वाकळ म्हणतात, दुसरीकडं गोधडी. फाटली म्हणून ती कुणी टाकत नव्हतं. तिच्यावरच दुसरं कापड घालून परत टाके मारायचे. त्यामुळं घरात कोणत्या साली कसलं कापड आलं आणि कोणत्या साली आलंच नाही, हे वाकळेलाच विचारावं.

वाकळ घालायचं काम उन्हाळ्यातलं. सुगी उरकलेली, पाऊस लांब. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार तुकडे करून दोन-दोन जोडले की खालचा आणि वरचा पदर निघतो. खालचा सारवलेल्या जमिनीवर अंथरायचा, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आत जुनी धोतरं, सदरे, पटकुरं पसरायची. मग शेजारच्या दोघी-तिघी बसून कडेनं धावदोरा घालत आत आत यायच्या. हात टाका घालायचा आणि तोंड गावची खबर सांगायचं.

आमची वाकळ आजीनं धरली. सगळ्यात आत तिचं कंट्रोलचं जाडंभरडं लुगडं आहे. लढाईमुळं 1943 साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं, तेव्हाचं. त्याच्यावर आजोबांचं धोतर. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा याच वाकळेत गुंडाळून आईनं मला अंगणात आणलं. पुढं कितीतरी रात्री आम्ही उघड्यावर थंडीत तीच पांघरून काढल्या.

1972 च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. त्या सालचं एकही नवं कापड वाकळेत नाही. जुन्यालाच जुनं ठिगळ, आणि टाके मात्र सगळ्यात दाट.

त्याच्यावर रंगीत तुकडे लागतात. चुलते मुंबईला गिरणीत होते, गावाला येताना कटपीस आणायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. चुलते बिऱ्हाड घेऊन आले ते गावचेच झाले. गिरणीचं कापड वाकळेत तिथंच संपतं.

सगळ्यात वर टेरिकॉट. ते फाटत नाही म्हणून लोक खूश होते, पण त्यात सुई नीट शिरत नाही आणि ते घाम पीत नाही. सुती लुगडं नेसून नेसून मऊ व्हायचं, तेव्हा वाकळेला लागायचं. लुगडी गेली आणि वाकळा घालणंही बंद झालं. दसऱ्याच्या आधी नदीवर वाकळा धुवायची गर्दी व्हायची, तीही ओसरली.

आता पुण्याच्या लेकीला ही वाकळ भिंतीवर लावायची होती. कारभारीण म्हणाली, "अंगावर घ्यायची वस्तू टांगायची? आत्याबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?" लेक म्हणाली, "आई, वापरली तर चार वर्षांत संपंल. मग आजीचं काय राहील?"

कारभारणीनं दोन दिवस विचार केला आणि स्वतःच सुई घेतली. वाकळ रिठ्याच्या पाण्यात हलक्या हातानं धुऊन सावलीत वाळवली. पाठीमागं वरच्या कडेला सुती पट्टीचा नेफा शिवला, टाका फक्त मागच्या थरांतून, पुढं दिसू न देता. परकराच्या नेफ्यात नाडी जाते तशी त्यात बांबूची काठी घातली. नुसते खिळे मारले असते तर वजनानं कापड तिथंच फाटलं असतं. काठीनं ओझं सगळ्या रुंदीत वाटलं जातं. रंग उडू नयेत म्हणून ऊन न येणारी भिंत धरली. एक उसवलेला कोपरा तसाच ठेवला, सुतं निघू नयेत एवढ्यापुरतं शिवून. तिथं सगळे थर दिसतात.

सातबाऱ्यावर आजीचं नाव कधी लागलं नाही. आईचं लागलं, ते वडील गेल्यावर, वारस म्हणून. कारभारणीनं वाकळेच्या पाठीवर पांढरी पट्टी लावली आणि लाल दोऱ्यानं त्या दोघींची नावं घातली. तिसरं तिचं स्वतःचं घालायला ती लाजत होती. लेकीनं बसून ते घातलं.