31 जुलै : पावतीपूर्वीचे तास

वाशीम जिल्हा, खरीप पीक विम्याचा शेवटचा दिवस. हा घटनाक्रम कोणा एका संकेतस्थळाचा नाही. सर्व्हरच्या मेमरीतच एक्सएमएल रचून त्यातून पीडीएफ उतारा काढणारी यंत्रणा अशा दिवशी कशी कोसळते, ते दाखवण्यासाठी तो मांडला आहे.

सकाळी 10. रिसोडकडच्या सेवा केंद्रावर आठ-अ, पासबुक, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र घेतलेले सोयाबीनवाले उभे आहेत. फक्त सातबारा काढायचा राहिलाय. दोन सेकंदांत उतरतो.

दुपारी 12. प्रत्येक मागणीला एक्सएमएलचं झाड मेमरीत उभं राहतं, एक्सएसएलटी त्याला पानांचा आराखडा देते, अपाची एफओपी हे जावातलं साधन पानं मांडतं आणि तयार पीडीएफही मेमरीतच साठते. एकाच उताऱ्याची तीन-चार रूपं एकाच वेळी जागा अडवतात. एका मागणीला 40 एमबी धरा; 2 जीबी मेमरी पन्नासेक मागण्यांतच भरते.

दुपारी 1:30. जावाचा वेळ आता मेमरी झाडण्यातच जातो. ‘साइट फिरूनच राहिली भाऊ,’ म्हणत केंद्रचालक पुन्हा बटण दाबतो. खरा घात इथे होतो : जुनी मागणी आत चालूच असते, तिच्यावर नवी चढते.

दुपारी 3. आउट ऑफ मेमरी. ही चूक मोठा उतारा मागणाऱ्यालाच भोवते असं नाही. त्या क्षणी जो कोणी मेमरी मागेल, तो पडतो. एका गटाचा छोटा उतारा मागणाराही. काहींच्या हाती अर्धी फाइल येते. पीडीएफची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलेल्या फाइलवरची डिजिटल स्वाक्षरी पडताळताच येत नाही.

दुपारी 4:15. सर्व्हर पुन्हा सुरू. ताटकळलेले सगळे एकदम तुटून पडतात. दहा मिनिटांत पुन्हा बंद.

रात्री 12. मुदत संपली. 2023 मध्ये ती 3 ऑगस्टपर्यंत वाढली होती. दर वर्षी वाढेलच, या भरवशावर शेतकऱ्याला ठेवणं अन्याय आहे.

उपाय माहीत असलेलेच आहेत. मागण्या रांगेत घ्या, एका वेळी किती पीडीएफ बनतील त्यावर मर्यादा घाला, मोठा दस्त एफओपीला तुकड्यांत द्या, फाइल डिस्कवर पूर्ण लिहून मगच पाठवा. आणि यंत्रणा बांधणाऱ्यांनो, शेवटच्या दिवसाच्या गर्दीची चाचणी जूनमध्येच घ्या.