शाईच्या रिबनीची किंमत: व्हिडिओ गेममधील अडसर आणि निवडीचा इतिहास

१/ साल १९९६. प्लेस्टेशनवरील 'रेसिडेंट ईव्हिल' या गेममध्ये खेळाडू एका भयाण हवेलीत अडकला आहे. समोर जुना टाइपरायटर आहे. इथवरची वाटचाल 'सेव्ह' करायची, तर त्यात शाईची रिबन घालावी लागते. प्रत्येक नोंदीला एक रिबन खर्ची पडते आणि हवेलीत रिबनी मोजक्याच आहेत. आत्ताच नोंद करावी, की आणखी चार खोल्या पाहून परतावे?

२/ त्या कन्सोलच्या मेमरी कार्डवर पुन्हा पुन्हा नोंद करण्यास तांत्रिक अडचण कोणतीच नव्हती. अडसर रचनाकारांनी जाणूनबुजून घातला होता. भौतिकशास्त्रात घर्षण गती रोखते. पण घर्षण नसेल तर पाऊलही पुढे पडत नाही. गेमच्या इतिहासात हे घर्षण कोठून आले, कोणासाठी आले आणि त्यातून खेळाडूची निवड कशी घडली, ते या धाग्यात पाहू.

३/ आरंभ आर्केडपासून करू. तोमोहिरो निशिकादो यांचा 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ साली जपानमध्ये आला. शत्रू जसजसे कमी होत, तसतसे उरलेले वेगाने सरकत. हे मुळात यंत्राच्या मर्यादेतून घडले होते: पडद्यावर आकृत्या कमी उरल्या, की प्रोसेसर त्या लवकर हलवू शके. निशिकादो यांनी हा दोष काढला नाही. त्यातून चढती काठिण्यपातळी मिळाली.

४/ मात्र आर्केडमधील मृत्यूला दुसराही अर्थ होता. खेळाडू हरला की पुढचे नाणे पेटीत पडे. तेथील अडसर काही अंशी कौशल्याची कसोटी होता आणि काही अंशी दुकानदाराचे उत्पन्न. अडसराचा लाभ नेमका कोणाला होतो, हा प्रश्न तेव्हापासूनच या माध्यमाच्या पाठीशी लागला आहे.

५/ विद्यापीठांतील संगणकांवर मात्र नाण्याची पेटी नव्हती. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील विद्यार्थी मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी 'रोग' हा गेम रचला. पुढे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाले. भुयार दर खेपेला नव्याने घडे. खेळ थांबवून नोंद करता येई, पण ती उघडताच फाइल पुसली जाई. मेलात, तर सारे पहिल्यापासून.

६/ ही निव्वळ क्रूरता होती का? 'रोग'मध्ये सापडणाऱ्या औषधाचा फक्त रंग कळे. गेल्या खेळातील निळे औषध जखमा भरणारे असेल, तर या खेळातील निळे आंधळे करणारे असू शके. मृत्यू अंतिम नसता, तर खेळाडूने सारी औषधे पिऊन पाहिली असती आणि जुनी नोंद उघडली असती. परतीचा मार्ग बंद होता, म्हणूनच 'प्यावे की जपून ठेवावे' हा खरा प्रश्न ठरला.

७/ १९८६ साली जपानमध्ये युजी होरी यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' फॅमिकॉमवर आला. त्याच्या मूळ कार्ट्रिजमध्ये नोंद साठवण्याची सोय नव्हती. राजा २० अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगे. तो कागदावर उतरवायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकले, तरी त्या दिवसाची मेहनत पाण्यात जाण्याची भीती. हे घर्षण यंत्राच्या गरिबीतून आले होते. त्याने निवड दिली नाही, फक्त मनस्ताप दिला.

८/ त्याच गेममधील दुसरा अडसर मात्र विचारपूर्वक घडवलेला होता. नायक पडला, की तो राजासमोर पुन्हा जागा होई. कमावलेला अनुभव शाबूत राही, पण जवळचे निम्मे सोने जाई. त्यामुळे भरल्या थैलीने पुढे जावे, की गावात परतून शस्त्र घ्यावे, हा हिशेब प्रत्येक प्रवासात करावा लागे. नवशिक्याची मेहनत वाया जात नव्हती आणि धोकाही खोटा वाटत नव्हता.

९/ येथे एक भेद लक्षात घ्यावा. सापशिडीत फासा पडतो आणि सोंगटी सरकते. खेळणाऱ्याला ठरवण्यासारखे काहीच नसते. सारीपाटात फासा तोच, पण कोणती सोंगटी हलवायची हे आपण ठरवतो. 'सिव्हिलायझेशन'चे (१९९१) रचनाकार सिड मायर यांनी खेळाकडे रंजक निर्णयांची मालिका म्हणून पाहिले. एक पर्याय उघडच सरस असेल, तर तो निर्णय उरत नाही. सारे पर्याय सारखेच असतील, तरीही नाही.

१०/ आता पुन्हा हवेलीत येऊ. 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये क्रिसकडे वस्तू ठेवण्यास ६ जागा आहेत, जिलकडे ८. रिबन सोबत नेली, तर तिच्यापायी एक जागा अडते. मग एखादी किल्ली किंवा जखमेवरची वनस्पती पेटीत ठेवावी लागते. सुरक्षितता हवी तर सामर्थ्य कमी, सामर्थ्य हवे तर सुरक्षितता कमी. भीती केवळ राक्षसांतून नव्हे, या ताळेबंदातून उपजते.

११/ अडसर माणसांनाही जोडतो. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये मृत्यूनंतर अनुभव घटे आणि शस्त्रसामग्री प्रेताजवळच राही. ती परत आणण्यास इतरांची मनधरणी करावी लागे, आणि त्यातून ओळखी जुळत. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने ही शिक्षा पुष्कळ सौम्य केली; २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोहोचले. दार रुंद झाले, पण परस्परांची ती निकड ओसरली.

१२/ 'बायोशॉक'मध्ये (२००७) निवडीची किंमत नेमक्या आकड्यांत मांडली होती. लहान मुलीचा बळी दिला तर १६० एकक 'ॲडम', तिला वाचवले तर ८०. नीतीसाठी निम्मी मिळकत सोडायची! पण दर तीन मुली वाचवल्यावर भेट येई आणि तूट बरीचशी भरून निघे. त्यामुळे करुणेला द्यावी लागणारी किंमत फारशी उरली नाही आणि निवड हलकी झाली.

१३/ याच्या उलट वाट 'डेमन्स सोल्स'ने (२००९) धरली. हिदेताका मियाझाकी यांच्या या गेममध्ये 'सोल्स' हेच चलन आणि तीच प्रगतीची शिदोरी. मेल्यावर ते जागेवर पडतात. तेथवर पुन्हा पोहोचलात तर परत मिळतात, वाटेत मेलात तर कायमचे जातात. हा 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या निम्म्या सोन्याचाच कठोर वंशज म्हणता येईल.

१४/ त्याच वर्षी 'फार्मव्हिल' आला. पीक वेळेत कापले नाही, तर ते वाळे. पुढे २०१२ च्या 'कँडी क्रश सागा'त ५ प्राण संपले, की एका प्राणासाठी अर्धा तास थांबा किंवा पैसे मोजा. आर्केडची नाण्याची पेटी अशी खिशातल्या फोनमध्ये परतली. अडसर येथेही आहे. पण तो खेळातील निर्णयाला वजन देत नाही, तो दूर करण्याचा दर ठरवतो.

१५/ अडसराचा सर्वांत प्रगल्भ वापर मला 'पेपर्स, प्लीज'मध्ये (२०१३) दिसतो. लुकास पोप यांच्या या गेममध्ये आपण सीमेवरील तपासनीस असतो. मेज अरुंद, कागद अनेक, वेळ थोडा. पतीचे कागद बिनचूक आहेत, पत्नीकडे प्रवेशपरवाना नाही. तिला सोडले तर ताकीद किंवा दंड. आणि संध्याकाळी घरभाडे, अन्न, उष्णता यांचा खर्च आहेच. दयेची किंमत घरच्यांच्या ताटातून वजा होते.

१६/ तरीही अडसराचे भाबडे गुणगान नको. बोटांच्या हालचाली मंद असलेल्या माणसाला तोच अडसर भिंत ठरतो. 'सेलेस्ट'ने (२०१८) सहाय्यक पर्याय दिला: गेमचा वेग कमी करा, हवे तर अमर व्हा. मूळ कठीण वाट तशीच राहिली, आणि किती भार पेलायचा हे ठरवणेही खेळाडूच्या हाती आले.

१७/ म्हणून पुढच्या वेळी एखादा गेम तुम्हाला अडवेल, तेव्हा चिडण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा अडसर यंत्राच्या मर्यादेचा आहे, विक्रेत्याच्या गल्ल्याचा आहे, की रचनाकाराच्या विचाराचा? तो ओलांडण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत का? आणि निवडलेल्या मार्गाची किंमत पुढे खरोखर मोजावी लागते का? शेवटच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल, तर टाइपरायटरसमोर थोडे थांबायला हरकत नाही.

तुम्हाला सर्वाधिक काळ विचारात पाडणारी निवड कोणत्या गेममधली? खाली अवश्य लिहा.