सेरामपूरची मंडळी आणि नागपूरचे पंडित

नमस्कार मंडळी! मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या समाजालाही 'मंडळी'च म्हणतात, आणि आजचा भाग अशाच एका मंडळीचा आहे. ती महाराष्ट्रातली नाही, कोलकात्याच्या उत्तरेला साधारण २५ किलोमीटरवर, हुगळी नदीकाठच्या सेरामपूरची. काही जण या गावाला श्रीरामपूरही म्हणतात, पण आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर वेगळं, बरं का! आज सेरामपूर म्हणजे कोलकात्याचं उपनगर, लोकलने ये-जा करणाऱ्यांचं. आता तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीत बसून हे ऐकणाऱ्याचा या गावाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो नागपूरवरून जातो.

विल्यम कॅरी हा इंग्लंडमधला चपला शिवणारा माणूस. पुढे तो बॅप्टिस्ट धर्मोपदेशक झाला आणि १७९३ मध्ये बंगालमध्ये आला. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्माच्या भानगडीत लोक बिथरले तर व्यापार बुडेल, ही भीती. सेरामपूर मात्र डेन्मार्कच्या ताब्यात होतं. म्हणून जानेवारी १८०० मध्ये कॅरी तिथे गेला आणि विल्यम वॉर्ड, जोशुआ मार्शमन यांच्याबरोबर त्याने चर्च, शाळा आणि छापखाना उभा केला.

आता बॅप्टिस्ट म्हणजे कोण? बऱ्याच चर्चमध्ये तान्ह्या बाळालाच बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट म्हणतात, नाही. माणसाने आधी समजून घ्यावं, स्वतःच्या तोंडाने कबूल करावं, मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घ्यावा.

या मंडळीतला पहिला बंगाली माणूस म्हणजे कृष्ण पाल, धंद्याने सुतार. त्याचा खांदा निखळला होता, तो मिशनच्या डॉक्टरने बसवला. तिथून ओळख वाढली. डिसेंबर १८०० मध्ये तो मिशनऱ्यांच्या पंगतीला जेवला आणि गावात गोंधळ उडाला. जात मोडली ना! जमावाने त्याला धरून डॅनिश अधिकाऱ्यापुढे नेलं, पण अधिकाऱ्याने त्याला सोडून दिलं. २८ डिसेंबर १८०० ला हुगळीच्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच दिवशी कॅरीचा मुलगा फेलिक्स याचाही झाला. पुढे १८०३ मध्ये कृष्ण पालच्या मुलीचं लग्न ब्राह्मण कुळातून आलेल्या एका ख्रिस्ती तरुणाशी लागलं. सुताराची मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा, तेही १८०३ मध्ये!

आता मुद्द्यावर येऊ. 'आधी समजून घ्या' असं म्हणायचं, तर पुस्तक माणसाच्या स्वतःच्या भाषेत हवं. म्हणून हा छापखाना एकामागून एक भाषांना हात घालत गेला. पंचानन कर्मकार हा बंगाली कारागीर तिथे अक्षरांचे खिळे घडवायचा, त्याच्यानंतर ते काम त्याचा जावई मनोहर याने सांभाळलं.

त्यात मराठीही आली. १८०३ मध्ये कंपनीने आडगावच्या लढाईत नागपूरकर रघुजी भोसल्यांना हरवलं. आता कंपनीच्या साहेबांना मराठी यायला हवी होती. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ती शिकवायला होता कॅरी, आणि कॅरीच्या पाठीशी होते नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा. १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण आलं, १८१० मध्ये मराठी शब्दकोश. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत छापलेत! पुढे वैजनाथांची 'सिंहासन बत्तिशी', 'हितोपदेश' आणि भोसल्यांची वंशावळ ही पुस्तकंही तिथूनच निघाली.

गोव्यात फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्येच छापलं गेलं होतं, पण रोमन अक्षरांत. आपल्या लिपीत मराठी छापणाऱ्या सुरुवातीच्या छापखान्यांत सेरामपूरचं नाव घ्यावंच लागतं. कोशावर नाव कॅरीचं आहे. पण शब्दांची पारख असणारा पंडित आपल्याकडचा होता. कॅरीचे पुतळे आहेत, वैजनाथांचं नाव शाळेच्या पुस्तकात तरी कधी वाचलंय का?

११ मार्च १८१२ ला छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखितं जळाली, खिळे वितळले. पण खिळ्यांचे साचे ढिगाऱ्याखाली शाबूत सापडले. वितळलेल्या धातूतून पुन्हा खिळे ओतले आणि काही महिन्यांत छपाई सुरू झाली.

शेवटी परत नागपूर. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. त्यात उत्तर भारतातले बॅप्टिस्टही होते. अडचण तीच जुनी: बाप्तिस्मा बाळाला द्यायचा की समजत्या माणसाला? तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती मान्य, घराने आपली निवडावी. सगळे बॅप्टिस्ट काही त्यात आले नाहीत. पण जे आले, त्यांनी आपलं म्हणणं न सोडता दुसऱ्यासाठी जागा केली.

तर पुढच्या वेळी मोबाईलवर मराठीत टाइप कराल, तेव्हा हुगळीकाठी मोडीचे खिळे जुळवणारे ते हात आठवा. आणि वैजनाथ पंडितांचं नाव एका तरी मित्राला सांगा. भेटू पुढच्या भागात!