आजीची अढी आणि इथिलीन

आज गोष्ट अढीची. राहुरीकडे आमच्या घरी पाड लागला की आजोबा आंबे उतरवायचे, आजी ते माळ्यावर गवतात घालायची. एक पिकला की बाकीचेही भराभर पिकायचे. का, ते कुणी विचारलं नाही.

१९०१ मध्ये रशियात नेल्यूबोव्ह यांनी दाखवलं, की दिव्याच्या गॅसमधला इथिलीन रोपांची वाढ बिघडवतो. १९३४ मध्ये इंग्लंडात गेन यांनी सिद्ध केलं, की पिकणारं सफरचंद स्वतःच इथिलीन सोडतं. म्हणजे अढी हा तोच वायू कोंडायचा जुगाड!

मग बाजाराला घाई झाली, कार्बाइड आलं. त्यात आर्सेनिकचे अंश असू शकतात. साल पिवळी, गर कच्चा. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत त्यावर बंदी आहे.

लक्षात ठेवा, अढी सगळ्यांना चालत नाही. डोळे उघडलेलं सीताफळ तोडल्यावरही पिकतं. आपल्या जिल्ह्यातलं डाळिंब मात्र नाही. ते तयारच घ्या. आणि आंबा पिकेपर्यंत फ्रिजमध्ये नको.

आजी गेली, माळाही गेला. यंदा पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी खोक्यात गवत भरलं. सहाव्या दिवशी दार उघडलं, तर घरभर आजीच्या माळ्याचा वास!