लाल निशाण आणि ब्रायटनचा रस्ता

ज्या कारणासाठी नियम केला ते कारण नाहीसे होते आणि नियम मात्र मागे उरतो, हा अनुभव सरकारी कचेरीत बसणाऱ्या आपणा मंडळींना नवा नाही. परंतु असा एखादा नियम रद्द झाल्याचा आनंद लोक सव्वाशे वर्षांनंतरही दर साल रस्त्यावर उतरून साजरा करतात, असे कोणी सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते. तो सोहळा मी डोळ्यांनी पाहिला, इतकेच नव्हे तर त्याच्या गाडीत बसलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी दिल्लीच्या कचेरीतून रजा आणि परदेशगमनाची परवानगी अशी दोन्ही दिव्ये पार पाडून मी थोरल्या बंधूंकडे लंडनला गेलो होतो. शहराच्या दक्षिणेस क्रॉयडन येथे दादांचे घर आहे. त्यांचे शेजारी सत्तरी उलटलेले एक निवृत्त अभियंता. त्यांच्याजवळ १९०३ साली फ्रान्समध्ये तयार झालेली एका सिलिंडरची ‘द दिओं-बूतों’ मोटार होती. त्या वर्षी त्यांच्या पत्नीला प्रवास झेपणार नव्हता, आणि गाडीत जागा तर चार. “तुम्ही तिघे याल का?” असे त्यांनी विचारले. मी, दादा आणि दादांचा अकरा वर्षांचा मुलगा असे तिघे निघालो.

ही यात्रा दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लंडनच्या हाइड पार्कमधून सूर्योदयाला निघते आणि सुमारे साठ मैलांवरच्या ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी संपते. १ जानेवारी १९०५ पूर्वी तयार झालेल्या गाडीलाच तीत प्रवेश. ही शर्यत नव्हे. पहिला कोण आला हे येथे कोणी विचारीत नाही. निघण्यापूर्वी एक लाल निशाण समारंभाने टराटरा फाडले जाते. त्या निशाणाची कथा मोठी उद्बोधक आहे.

१८६५ साली ब्रिटिश पार्लमेंटने एक कायदा केला. त्यान्वये स्वयंचलित वाहनाचा वेग गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल एवढाच असावा, वाहनावर किमान तीन माणसे असावीत, आणि त्यांपैकी एकाने लाल निशाण घेऊन वाहनापुढे साठ यार्ड पायी चालावे, असे ठरले. आज हे हास्यास्पद वाटते. परंतु त्या काळी रस्त्यावर धावणारी स्वयंचलित वाहने म्हणजे वाफेची अवजड यंत्रे. ती रस्ते उखडीत आणि घोडे बुजवीत. ज्याने तो मसुदा लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे तेच धूड होते. त्याला आपण वेड्यात काढू नये. पुढे १८८६ साली जर्मनीत कार्ल बेन्झची हलकी पेट्रोल-गाडी अवतरली. अशी वाहने इंग्लंडात आली तेव्हा कायद्यातील जुनी व्याख्या त्यांनाही जशीच्या तशी लागू झाली. वस्तू बदलली, परंतु कागदावरील शब्द बदलला नव्हता.

अखेर १८९६ साली नवा कायदा झाला आणि १४ नोव्हेंबरपासून तो अमलात आला. तीन टनांखालील गाड्यांपुढे पायी चालणारा माणूस गेला. वेगमर्यादा ताशी चौदा मैल झाली. स्थानिक कारभार पाहणाऱ्या सरकारी मंडळाने तीही बारावर आणली, हे आपणा कारकुनांना सांगावयास नको. त्याच दिवशी लंडनहून ब्रायटनपर्यंत ‘मुक्ति-फेरी’ निघाली. सकाळच्या फराळाच्या वेळी विंचिल्सीच्या अर्लनी लाल निशाण फाडले. तेहेतीस गाड्या निघाल्या आणि सतरा पोहोचल्या, असे सांगतात. त्यांतही एक विजेवरची गाडी रेल्वेने नेऊन, अंगाला चिखल फासून शेवटच्या टप्प्यात उभी केली, अशी वदंता आहेच.

परंतु इतिहासाची खरी गंमत पुढेच आहे. जे निशाण त्या दिवशी फाडले, त्याची देशभरची सक्ती १८७८ सालच्या दुरुस्तीनेच उठली होती! पुढे चालणारा माणूस उरला होता, त्याचे अंतरही वीस यार्डांवर आले होते. निशाण मात्र अठरा वर्षांपूर्वीच बहुतेक ठिकाणी निकालात निघाले होते. दुसरी गोष्ट अशी, की या फेरीचे प्रवर्तक हॅरी लॉसन हे मोटारीच्या नव्या कंपन्या काढून भागभांडवल जमवणारे गृहस्थ होते. ही फेरी म्हणजे मुक्तीचा उत्सव होता तितकीच त्यांच्या व्यवसायाची जाहिरातही होती. १९०४ साली भागधारकांच्या फसवणुकीबद्दल त्यांना एक वर्ष सक्तमजुरीची शिक्षा झाली.

तेव्हा प्रश्न उभा राहतो, की ज्या परंपरेचे मूळ असे, ती जपण्यात काय अर्थ? गाडीत बसेपर्यंत माझ्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

पहाटेच्या अंधारात हाइड पार्कमध्ये शेकडो गाड्या धापा टाकीत उभ्या होत्या. वयाने सर्वांत जुनी ती सर्वांत पुढे, असा क्रम. आमच्या यजमानांनी हँडल फिरवले. चौथ्या हिसक्याला यंत्र जागे झाले आणि सारी गाडी अंगात आल्यासारखी थरथरू लागली. वेस्टमिन्स्टरचा पूल ओलांडून आम्ही दक्षिणेकडे वळलो. क्रॉयडनला रस्त्याच्या कडेला वहिनी थर्मास घेऊन उभ्या होत्या. गाडी थांबवली तर पुन्हा चालू होण्याची शाश्वती नव्हती, म्हणून तो चालत्या गाडीतच घ्यावा लागला.

दुपारी ब्रायटनच्या अलीकडे साउथ डाउन्स टेकड्यांचा चढ लागला, आणि मोटारीने असहकार पुकारला. आम्ही खाली उतरलो. दादा आणि मी मागून रेटू लागलो. पुतण्या आपला लाल मफलर हातात धरून रस्त्याच्या कडेने पुढे चालू लागला. १८६५ चा कायदा असा पुन्हा अमलात आलेला पाहून यजमान खो खो हसले. माथ्यावर पोहोचल्यावर मी त्यांना विचारले, “इतका त्रास कशासाठी? ही वस्तुसंग्रहालयात ठेवली तर शोभून दिसेल.” ते म्हणाले, “झाकून ठेवली की ती रुसते. चालवली की सुधारते.”

मला माझे उत्तर मिळाले. १८९६ च्या फेरीमागे जाहिरात असो वा आणखी काही; १९२७ साली ती पुन्हा सुरू झाली, १९३० पासून रॉयल ऑटोमोबाइल क्लबने ती चालवली, आणि महायुद्धाची वर्षे, १९४७ ची पेट्रोल-टंचाई व २०२० ची महामारी यांमुळे पडलेले खंड सोडले, तर ती अव्याहत चालू राहिली. तिला जे मोल आहे ते तिच्या उगमाने दिलेले नाही. दर वर्षी पहाटे उठून हात काळे करणाऱ्यांनी ते दिलेले आहे.

चारच्या सुमारास आम्ही समुद्रकाठी पोहोचलो. यजमानांना पदक मिळाले. ते मित्रमंडळींत रमल्यावर आम्ही तिघे वाळूऐवजी गोट्यांनी भरलेल्या त्या किनाऱ्यावर उतरलो. ब्रायटन हे नाव मराठी माणसाला मोटारींमुळे ठाऊक नाही. मुक्ति-फेरीनंतर तेरा वर्षांनी, १९०९ साली, याच किनाऱ्यावर सावरकरांनी मातृभूमीच्या ओढीने सागराला उद्देशून आपली कविता रचली. ज्या गावी मोटारींच्या मुक्तीचा जल्लोष झाला, त्याच गावी पारतंत्र्यातल्या देशाचा एक तरुण घरी जाण्यासाठी तळमळत होता. दादांनी हे मुलाला सांगितले आणि कविता म्हणावयास सुरुवात केली. पहिले कडवे खणखणीत झाले. दुसऱ्यात ते अडखळले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मलाही आठवेना. दिल्लीत राहून माझी स्थिती त्यांच्याहून फारशी बरी नव्हती, हे मला त्या क्षणी कळले.

“पुढे काय?” पुतण्याने विचारले.

गाडी यजमानांच्या स्वाधीन करून आम्ही आगगाडीने परतलो. वाटेत दादा आणि मी ओठांतल्या ओठांत शब्द जुळवीत होतो. हेवर्ड्स हीथ स्टेशन मागे पडले तेव्हा कडवे पुरे झाले. पुतण्या ते आमच्या मागून म्हणू लागला. त्याचे उच्चार इंग्रजी वळणाचे होते, आणि अनेक शब्दांचे अर्थ विचारीत तो पुनःपुन्हा थांबत होता. दादा मात्र न कंटाळता प्रत्येक वेळी ओळ पहिल्यापासून म्हणत होते.