कल्हईच्या भट्टीपासून घरच्या ओव्हनपर्यंत

गडचांदूरच्या वाचकाला भट्टी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. चुनखडीच्या साठ्यांमुळे ऐंशीच्या दशकापासून या परिसरात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. तेथील फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला क्लिंकर तयार होतो. पण कच्चा माल एकदम आगीत लोटत नाहीत. उंच मनोऱ्यात तो गरम वायूंनी आधी तापवतात, ९०० अंशांच्या आसपास चुनखडीतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मग भट्टी, आणि शेवटी थंड हवेचा झोत. उष्णतेइतकाच तिचा क्रम महत्त्वाचा.

घरातल्या ओव्हनमध्ये सर्किट बोर्ड झाळणाऱ्या हौशी मंडळींना नेमका हाच धडा गिरवावा लागला. आजचा धागा त्यांच्याविषयी.

सुरुवात मात्र कल्हईपासून करू. तांब्यापितळेचे भांडे तापवून, त्यावर नवसागर टाकून, कथलाचा हात फिरवणारा कल्हईवाला आपल्या आजी-आजोबांनी दारात पाहिलेला असतो. कथील २३२ अंशांना वितळते. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो. तो निघाल्याखेरीज कथील भांड्याला धरत नाही. झाळकामाचे रसायनही हेच. इलेक्ट्रॉनिक्समध्ये नवसागराच्या जागी राळ आली आणि कथलात शिसे मिसळले गेले. शिसे एकटे ३२७ अंशांना वितळते. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळते, म्हणजे दोन्ही घटकांच्या आधी! निसर्गाच्या या सवलतीवर विसाव्या शतकातील रेडिओ उभे राहिले.

पॉल आइस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटचा रेडिओ बनवला. पुढे बोर्डाला भोके पाडून घटकांचे पाय त्यांतून काढायचे आणि पाठीमागून झाळायचे, ही पद्धत रूढ झाली. साठच्या दशकात आयबीएमने घटक बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसवण्याचे तंत्र विकसित केले. माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटच्या संगणकात ते वापरले गेले. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हेच तंत्र घरोघरच्या उपकरणांत उतरले आणि हौशी कारागिराची पंचाईत झाली. घटक तांदळाच्या कणीएवढे झाले. काहींची जोडणी तर थेट पोटाखाली, जिथे सोल्डरिंग आयर्नचे टोक पोहोचतच नाही.

कारखान्यांत सोल्डरची बारीक भुकटी राळेत कालवून तिची पेस्ट बोर्डावर लावतात, घटक मांडतात आणि सारा बोर्ड सरकत्या पट्ट्यावरून लांबलचक ओव्हनमधून नेतात. तो ओव्हन हौशी माणसाच्या आवाक्यातला नव्हे. म्हणून या शतकाच्या पहिल्या दशकात पाश्चात्त्य देशांतील अनेकांनी ब्रेड भाजण्याचा छोटा ओव्हन, म्हणजे आपल्याकडचा ओटीजी, या कामाला जुंपला.

कृती सिमेंटच्या भट्टीची धाकटी बहीण शोभावी अशी. आधी १५० अंशांपर्यंत सावकाश तापवायचे. मिनिट-दोन मिनिटे तिथेच रेंगाळायचे, म्हणजे राळ आपले काम करते आणि बोर्ड सगळीकडे सारखा तापतो. मग काही सेकंद २१० ते २२० अंश. मग दार उघडायचे. त्या सेकंदांत करडी पेस्ट अचानक चकाकते आणि तिरका बसलेला घटक पृष्ठताणाने ओढला जाऊन आपोआप सरळ होतो. एक टोक आधी वितळले तर मात्र तोच ताण घटकाला उभा करतो. कारखान्यातील लोक त्याला थडग्याचा दगड म्हणतात. घरगुती ओव्हनचा थर्मोस्टॅट फार ढोबळ असल्याने पुढे पुष्कळांनी थर्मोकपल आणि मायक्रोकंट्रोलर जोडून ओव्हनला शिस्त लावली.

१ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर निर्बंध घातला. भारतात १ मे २०१२ पासून लागू झालेल्या २०११ च्या ई-कचरा नियमांनी शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का ठरवली. कथील, चांदी आणि तांबे यांचे नवे सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळते. त्यासाठी ओव्हन २४० अंशांच्या आसपास न्यावा लागतो. ओटीजीची खुंटी बहुधा २५० वरच संपते.

याच काळात बिघडलेली ग्राफिक्स कार्डे ओव्हनमध्ये भाजून ‘जिवंत’ करण्याची टूम निघाली. माझ्या मते तो बव्हंशी नवससायासाचा प्रकार. अनेक कार्डांतील दोष चिपच्या आतल्या सूक्ष्म जोडणीत होता. उष्णतेने तो काही आठवडे झाकला जाई, इतकेच.

घरी सर्किट करण्याच्या या चळवळीत महाराष्ट्राचेही नाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापलेल्या, पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेरची ती पहिली मानली जाते. फॅब लॅबच्या प्रघातात आम्लाऐवजी छोट्या यंत्राने तांब्याचा पत्रा कोरून बोर्ड करतात आणि पृष्ठभागी घटक हाताने झाळतात.

आणि आता स्वयंपाकघर. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. २५० अंशांना त्याची वाफ फारशी होत नाही. पण राळेचा धूर आणि पेस्टचे शिंतोडे ओव्हनच्या भिंतींवर बसतात. कल्हईच्या धंद्यातही स्वस्त कथलात शिसे मिसळण्याची लबाडी चाले, आणि चिंच घातलेल्या आमटीत ते शिसे उतरे. भांड्याला शुद्ध कथीलच हवे. ज्या ओव्हनमध्ये एकदा बोर्ड झाळला, त्यात पुन्हा नानकटाई भाजायची नाही. नवे सोल्डर बिनशिशाचे असले तरीही.