राणीच्या बागेंतला एक दिवस

मासिकांत लिहिणाऱ्या माणसास एक सोय असते. तो एकटा असला तरी त्याला ‘आम्ही’ म्हणतां येतें, आणि सोबतीला कोणी नव्हतें ही गोष्ट वाचकांस कळूं न देतां सारें प्रवासवर्णन उरकतां येतें. मुंबईच्या राणीच्या बागेंत तिकिटाच्या खिडकीपाशीं मात्र ही सोय चालली नाहीं. पलीकडच्या गृहस्थांनीं मान वांकडी करून आमच्या मागें कोणी आहे कीं काय हें पाहिलें आणि विचारलें, “एकच?” आम्हीं मुकाट्यानें होय म्हटलें व पन्नास रुपये पुढें केले. आमच्या पुढचें आई, बाप व दोन मुलें असें चौघांचें कुटुंब शंभर रुपयांत आंत गेलें होतें. एकट्या माणसास जग जरा महागच पडतें, हें आम्हांस ठाऊक होतें. महानगरपालिकेनेंही तें मान्य केलें आहे, एवढें त्या दिवशीं नवें कळलें.

पुण्याहून आम्ही पहाटें चार वाजतां आपली मोटार स्वतःच हांकीत निघालों होतों. हेतु एवढाच कीं, लहानपणीं वडिलांचें बोट धरून पाहिलेली ही बाग एकदां कोणाचेंही बोट न धरतां पाहावी. त्या वेळीं आम्हीं वाघ पाहिला होता. बाकी कांहीं पाहिल्याचें स्मरत नाहीं. २००२ सालीं पुरा झालेला द्रुतगति मार्ग घाट केव्हां सुरू झाला व केव्हां संपला हें कळूं देत नाहीं. परंतु बोरघाटांतून चाकाच्या गाडीनें उतरण्याजोगा रस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुला झाला, आणि ज्या संस्थेनें पुढें ही बाग लावली ती पश्चिम हिंदुस्थानची कृषि व उद्यानसंस्थाही त्याच सालीं मुंबईंत स्थापन झाली, हा योगायोग आम्हांस एकट्यानें गाडी हांकतांना करमणुकीस पुरला. वाशीची खाडी ओलांडून, शीव, दादर, परळ, लालबाग असे टप्पे घेत आम्ही भायखळ्यास पोंचलों, तेव्हां बागेंत सकाळीं फिरावयास येणारी मंडळी परत फिरत होती. वार गुरुवार होता. बुधवारीं बाग व संग्रहालय दोन्ही बंद असतात; एकट्यानें निघणाऱ्यास ही आठवण करून देणारें कोणी नसतें, म्हणून येथें नमूद करून ठेवतों.

या संस्थेची पहिली बाग भायखळ्यास नव्हती. १८३५ च्या सुमारास सरकारनें तिला शिवडीस जमीन दिली, व तेथें तिनें देशोदेशींचीं झाडें आणून लावलीं. पुढें ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीकडे गेली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमि ती हीच. बाग माझगांवच्या हद्दींतील नव्या जागेंत आली, आणि १८६२ च्या नोव्हेंबरांत गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्तें ती लोकांस खुली झाली. तेव्हां तिचा विस्तार सुमारें ३३ एकर होता. १८७३ सालीं ती नगरपालिकेकडे आली, आणि १८९० सालीं पूर्वेकडील कांहीं एकर जमीन जोडून तींत प्राणिसंग्रहालय करण्यांत आलें. म्हणजे आधीं झाडें, मग जनावरें. आज मुलें नेमका उलटा क्रम धरतात, आणि आम्हींही तोच धरला होता. याच नांवाची संस्था पुण्यांत एम्प्रेस बाग सांभाळते. त्यामुळें आम्हां पुणेकरांस या बागेंत शिरतांना अगदींच परक्याच्या घरीं आल्यासारखें वाटूं नये.

दहा वाजतां संग्रहालय उघडलें. या इमारतीची कथा बागेच्या कथेहून अधिक मनोरंजक आहे. फोर्टांतील लष्करी बराकींत पूर्वी सरकारी संग्रहालय होतें. १८५७ च्या धामधुमींत लष्करास जागा हवी झाली, आणि जमविलेल्या वस्तु अक्षरशः बाहेर काढून टाकण्यांत आल्या. तें पाहून क्युरेटर जॉर्ज बुइस्ट यांनीं आपली जागा सोडली, व त्यांच्या मागून जॉर्ज बर्डवुड आले. पुढील वर्षीं कंपनीचें राज्य जाऊन राणीचा जाहीरनामा निघाला. तेव्हां त्या प्रसंगाचें स्मारक म्हणून राणीच्या नांवानें एक संग्रहालय व एक बाग व्हावी, असा ठराव १८५८ च्या डिसेंबरांत टाऊन हॉलमधील सभेनें केला. या खटपटींत नाना शंकरशेट होते, डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. वर्गणी लोकांनीं भरली.

ही वर्गणी केवळ राजनिष्ठेची होती, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण भाऊ दाजींसारखा मनुष्य डोळ्यांपुढें आणला म्हणजे तसें म्हणवत नाहीं. गोव्यांतील मांद्र्याहून आलेल्या कुटुंबांतला हा मुलगा ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकीं एक झाला, दवाखाना चालवून जुने शिलालेख वाचूं लागला, आणि दोनदां मुंबईचा शेरीफ झाला. अशा माणसास राणीचें नांव द्यावयाचें होतें, कीं राणीच्या नांवाखालीं आपल्या शहरास एक ज्ञानाचें घर मिळवून द्यावयाचें होतें? आमच्या मतें दुसरी गोष्ट अधिक संभवनीय आहे. नांव ही त्या काळीं भरावी लागणारी पट्टी होती. ती त्यांनीं भरली व घर पदरांत पाडून घेतलें. १८६२ सालीं पाया घातला गेला. १८६५ सालीं शेअरबाजार कोसळून मुंबईची श्रीमंती एका पावसाळ्यांत वाहून गेली, त्याच वर्षीं नाना शंकरशेटही वारले. काम रखडलें व शेवटीं सरकारच्या पैशानें पुरें झालें. २ मे १८७२ रोजीं संग्रहालय उघडलें. भाऊ दाजींनीं तो दिवस पाहिला, आणि दोन वर्षांनीं तेही गेले. १९७५ सालीं राणीचें नांव काढून त्यांचें नांव इमारतीस देण्यांत आलें. मूळ कर्त्याचें नांव इमारतीवर येण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

आंत विलायतेहून आणविलेले लोखंडी खांब, रंगीत फरशी, सोनेरी वेलबुट्टी व हिरव्या भिंती असा थाट आहे. २००३ पासून पांच वर्षें चाललेल्या जीर्णोद्धारानें तो परत आणला, व त्या कामास युनेस्कोचें पारितोषिकही मिळालें. मधोमध राणीचे पति आल्बर्ट यांचा पांढरा पुतळा उभा आहे. आम्हांस मात्र वरच्या मजल्यावरील मातीच्या बाहुल्यांपाशीं अधिक वेळ लागला. मुंबईंत नांदणाऱ्या नाना जातींच्या पगड्या, पागोटीं व फेटे त्यांच्या डोक्यांवर बसविले आहेत. डोक्यावर काय आहे यावरून मनुष्य कोण तें ओळखण्याचा तो काळ होता. आतां सारीं डोकीं उघडीं झालीं आहेत. आमच्या शेजारीं एक शाळकरी मुलगा ती ओळ मोठ्या लक्षानें पाहत होता. “यांतले आपण कोण?” असें त्यानें गुरुजींस विचारलें. गुरुजींनीं काय सांगितलें तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. प्रश्न मात्र दिवसभर बरोबर राहिला.

बाहेर येतांच घारापुरीचा हत्ती दिसतो. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं घारापुरीस हत्तीचें बेट असें नांव दिलें, व जें नांव पुढें साऱ्या जगानें उचललें, तो हत्ती बेटावर नाहीं. तो येथें आहे. १८१४ सालीं त्याचें डोकें व मान गळून पडली, मग धडही कोसळलें. तो इंग्लंडास नेण्याचा घाट घातला गेला व उचलतांना तो फुटला, असें सांगतात. १८६४ सालीं त्याचे तुकडे या बागेंत आणून टाकण्यांत आले, आणि १९१४ सालीं ते एकमेकांस जोडून पुनः हत्ती उभा करण्यांत आला. सांधे अजून दिसतात. लेण्यांकडे जाणाऱ्या बोटींत बसून प्रवासी हत्तीच्या बेटावर उतरतात, आणि हत्ती इकडे भायखळ्याच्या झाडांखालीं उभा असतो.

या बागेचा एक स्वभाव येथें लक्षांत येतो. ज्या वस्तूचें काय करावें हें शहरास कळेनासें होतें, ती वस्तु शहर येथें आणून ठेवतें. १९६५ सालीं परकीय राज्यकर्त्यांचे पुतळे रस्त्यांवरून हलविण्यांत आले, तेव्हां तेही येथेंच आले. त्यांत आल्बर्ट ससून यांनीं दिलेला, १८७९ सालीं उभारलेला, सातव्या एडवर्डाचा युवराज असतांनाचा अश्वारूढ पुतळा आहे. मुंबईनें त्यास कधींच राजाचें नांव दिलें नाहीं. तिनें घोडा पाहिला आणि जागेस काळा घोडा म्हटलें. पुतळा गेला तरी नांव राहिलें; आणि २०१७ सालीं त्या भागांत नवा घोडा उभारला तो स्वाराविनाच उभारला. लोकांनीं शंभर वर्षांपूर्वी दिलेला निकाल शिल्पकारानें कायम केला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

राणीचा संगमरवरी पुतळाही येथें आहे. बडोद्याच्या खंडेराव महाराजांची ती देणगी. १८७२ सालीं तो कोटाच्या मैदानापाशीं बसविण्यांत आला, तेव्हां देणारे हयात नव्हते. १८९६ सालीं दामोदर चापेकरांनीं याच पुतळ्याच्या तोंडास डांबर फांसलें व गळ्यांत जोड्यांची माळ घातली. ते डाग कांहीं केल्या निघेनात. अखेर त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञांनीं ते काढले. एकाच दगडावर एका मराठी राजाची भक्ति, एका मराठी तरुणाचा संताप आणि एका हिंदी शास्त्रज्ञाची विद्या यांनीं आपापली खूण ठेवली आहे. पुतळा फोडून टाकला असता तर हें तिन्ही गेलें असतें. मूळ जागीं चौथऱ्यावर ठेवला असता तर पहिलेंच तेवढें दिसलें असतें. झाडांच्या आडोशाला, नाक झिजलेल्या स्थितींत, तो जसा आतां आहे तसाच इतिहासाच्या विद्यार्थ्यास अधिक उपयोगी आहे. मानाच्या जागेवरून उतरवावें, पण नाहींसें करूं नये, हा न्याय या शहरानें विचार करून केला कीं अडचणींतून सुचला, हें सांगणें कठीण. पण न्याय चांगला झाला.

दुपारीं आम्हीं झाडें पाहिलीं. येथें तीन हजारांहून अधिक झाडें असून त्यांच्या जाती सुमारें २८६ आहेत. आफ्रिकेचा गोरखचिंच, ब्रह्मदेशाकडची उर्वशी, दक्षिण अमेरिकेचा कैलासपति हीं सारीं येथें दीडशें वर्षांच्या वस्तीनें मुंबईकर झालीं आहेत. २००७ सालीं प्राणिसंग्रहालय परदेशी धर्तीवर नवें करण्याची मोठी योजना पुढें आली, तेव्हां या झाडांचें काय होणार अशी भीति उत्पन्न झाली. त्या वेळीं कांहीं नागरिकांनीं, त्यांत स्त्रियाच पुढें होत्या, बागेंत येऊन झाडें मोजलीं, ओळखलीं, त्यांचीं नांवें लिहून काढलीं, आणि तीं कागदपत्रें घेऊन त्या वर्षानुवर्षें भांडल्या. मूळ योजना तशी पुढें गेली नाहीं. १८५८ च्या टाऊन हॉलमधील सभेंत ज्या जातीचें नागरिकत्व होतें, तेंच हें होय. फरक इतकाच कीं, त्या वेळीं राणीच्या नांवाचा आधार घ्यावा लागला. या वेळीं झाडांचीं नांवें पुरलीं.

मग पेंग्विन पाहावयास आम्हीही रांगेंत उभे राहिलों, हें लपवीत नाहीं. ते २०१६ सालीं कोरियांतून आले. २०१७ सालीं लोकांस दिसूं लागले आणि त्याच वर्षीं पांच रुपयांचें तिकीट पन्नासांवर गेलें. गारव्यांतल्या त्या कांचेपुढें मुलें आनंदानें ओरडत होतीं. त्या आनंदास मोल नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु या बागेस खरी बाग केली ती लालबाग-परळच्या गिरण्यांतील कुटुंबांनीं. सुटीच्या दिवशीं घरून बांधून आणलेली भाकरी सोडून बसावयास चाळीबाहेर झाड असलेली जागा त्यांस हीच होती. बागेची परीक्षा करावयाची तर किती पक्षी आणले हें पाहूं नये. अशा कुटुंबास हिशेब न करतां आंत येतां येतें कीं नाहीं, हें पाहावें.

सहाच्या सुमारास शिट्या वाजूं लागल्या. आम्ही पुतळ्यांवरूनच परतलों. एक म्हातारी बाई नातीस घेऊन ओट्यावर बसली होती. नातीनें विचारलें, “आजी, राणीची बाग म्हणजे कुठली गं राणी?” आजीनें समोरच्या पुतळ्याकडे पाहिलें नाहीं. ती म्हणाली, “होती कोणीतरी. चल, पाणी पी.” बागेस आतां वीरमाता जिजाबाईंचें नांव आहे, आणि ज्या शहाण्या माणसांनीं तें दिलें त्यांचा हेतु उत्तमच होता. पण बोलण्यांत ही राणीचीच बाग राहिली आहे, आणि कोणती राणी हें कोणास सांगतां येत नाहीं. मालकीचा याहून निर्विवाद पुरावा आम्हांस सुचत नाहीं.

फाटकाबाहेर येऊन आम्हीं मोटार काढली, तेव्हां तींच दोघें रस्ता ओलांडून बसच्या थांब्याकडे चाललीं होतीं. आजीनें या वेळीं नातीचें बोट घट्ट धरलें होतें.